सूडाने झपाटलेला बाप: नाटकाचा शेवट अडलाय, मदत हवी

निंबोणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने एक दोन अंकी नाटक लिहितेय. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर करायचं आहे. पहिला अंक झाला, दुसऱ्यातले तीन प्रवेश झाले, आणि शेवटाशी येऊन महिनाभर नुसती कागदाकडे बघत बसलेय. म्हणून इथे आले.

थोडक्यात गोष्ट सांगते. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला बाप. आधी अजनीच्या क्वार्टरमध्ये, आता मानेवाड्याला दोन खोल्यांत. बायको आधीच गेलेली. डिसेंबर 2022 मध्ये रात्री साडेदहाच्या सुमाराला रिंग रोडवर त्याच्या बावीस वर्षांच्या मुलाला एका कारने उडवलं. पांढरी कार, उजवा हेडलाइट आधीपासूनच फुटका. चालवणारा पस्तिशीचा, टाइल्सचं दुकान आणि मागे गोदाम असलेला. दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामीन.

बाप त्या माणसाच्या दुकानासमोरच्या टपरीवर रोज सकाळी जाऊन बसायला लागतो. वहीत नोंदी करतो, जशा आयुष्यभर केल्या तशाच, वेळ टाकून. "10.05. शटर उघडलं. निळा शर्ट. 10.20. पोहे मागवले, तर्री कमी घालायला सांगितली. 11.40. बायकोचा फोन. हसला." त्या 'हसला' खाली दोन रेघा. वर्षभरानंतर तो खोटं नाव सांगून त्याच दुकानात हिशेब लिहायच्या कामाला लागतो. माणूस त्याला ओळखत नाही. उलट 'काका, काका' करत विश्वास टाकत जातो, गोदामाची किल्लीही देतो. शेवटच्या प्रवेशात गोदामात रात्री दोघंच आहेत.

इथे मी थांबलेय. मारलं तर खोटं वाटतं. माफ केलं तर त्याहून खोटं. तिसरा शेवट लिहिला, त्यात तो माणूस आपोआपच दुसऱ्या एका अपघातात जातो. तो वाचून मला स्वतःचाच राग आला, फाडून टाकला. माझी खरी अडचण ही आहे की या बापाला नेमकं काय हवंय तेच मला कळलेलं नाही.

तिसरी_घंटा

विषय दमदार आहे. प्रेक्षकांत बसणारा माणूस म्हणून सांगतो, दीड तास तुम्ही बंदूक भरत नेताय, ती उडाली पाहिजे. सायंटिफिक सभागृहात मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला शेवटी काहीतरी ठोस लागतं. वहीची कल्पना मात्र फार सुंदर आहे, ती शेवटपर्यंत हातातून सोडू नका.

खडीसाखर

मारायलाच पाहिजे, आणि ते खोटं वाटणार नाही. काहून वाटेल? हे नागपूर आहे. 13 ऑगस्ट 2004 ला इथल्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात कस्तुरबा नगरच्या बायांनी अक्कू यादवला संपवलं. वर्षानुवर्षं वस्तीतल्या घराघरात शिरून त्याने अत्याचार केले, तक्रारी कोणी ऐकल्या नाहीत. नंतर खटला चालला आणि 2014 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. ते घडलं तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या घरी माझी आजी, जी मुंगीलाही मारत नसे, ती रडत म्हणाली होती की बरं केलं पोरींनी. तुमच्या बापाला कमकुवत दाखवू नका एवढीच विनंती.

निंबोणी

खडीसाखर, आजीचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ. पण मला वाटतं ती गोष्ट वेगळी आहे. कस्तुरबा नगरच्या बायांसमोर धोका जिवंत उभा होता. तो सुटून आला असता तर रात्री पुन्हा दारात आला असता. त्यांना पुढचं जगायचं होतं म्हणून हात उचलला गेला. माझ्या बापाच्या दारात कोणी येणार नाहीये. त्याला पुढचं काही वाचवायचंच नाही.

अंबाझरीकाठ

मी नागपुरातच वकिली करतो, मोटार अपघाताची कामं बरीच केली आहेत. आधी दोन दुरुस्त्या.

पहिली. तुमचा अपघात 2022 चा आहे, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिताच लागेल. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम 304-अ, जास्तीत जास्त दोन वर्षं, किंवा दंड, किंवा दोन्ही. नवी न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून आली, तिच्या कलम 106 मध्ये ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली, पण ती मागच्या गुन्ह्यांना लागू होत नाही. आणि 304-अ जामीनपात्र आहे. त्यामुळे 'दुसऱ्या दिवशी कोर्टातून' लिहू नका. पोलीस ठाण्यातूनच जामीन होतो, बहुधा त्याच दिवशी. बाप मेडिकलला शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला असताना तो माणूस घरी जाऊन जेवलेला असू शकतो. हे मी पाहिलेलं आहे.

दुसरी, तुम्ही विचारली नाहीत पण प्रेक्षक विचारतील. माणूस बापाला ओळखत कसा नाही? अगदी पटण्यासारखं आहे. फौजदारी खटल्यात फिर्याद सरकारची असते, सरकारी वकील बोलतो. बाप घटनेचा साक्षीदार नाही, तो मागच्या बाकावर. आरोपी बऱ्याच तारखांना हजेरीमाफीचा अर्ज देतो. भरपाईचा दावा न्यायाधिकरणात वेगळा चालतो, तिथे लढते ती विमा कंपनी. गाडीमालक कित्येकदा फिरकतही नाही. दोघांची नजरानजर न होता दोन वर्षं सहज निघून जातात.

आता या भरपाईबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा बाप हिशेबनीस आहे. समजा मुलगा महिना 12,000 कमावत होता. पुढे पगार वाढला असता म्हणून 40 टक्के धरतात, झाले 16,800. मुलगा अविवाहित, म्हणून यातली निम्मी रक्कम त्याने स्वतःवर खर्च केली असती असं धरून वजा करतात. उरले 8,400. वर्षाचे 1,00,800. मृताचं वय 21 ते 25 असेल तर गुणक 18. म्हणजे 18,14,400. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांत पक्की केली. अंत्यविधीचे 15,000 वेगळे. आणि 2018 च्या एका निकालाने आईबापांना मुलाच्या सहवासाला मुकल्याचेही 40,000 धरले. दर तीन वर्षांनी या ठरीव रकमा दहा टक्क्यांनी वाढतात.

ही पद्धत वाईट नाही. आधी ज्याच्या त्याच्या मर्जीने आकडे पडायचे, त्यापेक्षा पुष्कळ बरी. पण एकदा एका वडिलांना मी कागदावर हे गणित समजावत होतो. 'निम्मी वजा' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. म्हणाले, "साहेब, तो तर स्वतःवर काहीच खर्च करत नव्हता. चप्पलसुद्धा माझीच घालून जात होता." मी उत्तर दिलं नाही. ते बोट अजून दिसतं मला.

सोनटक्का

अंबाझरीकाठ, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

निंबोणी, "हा सूर्य आणि हा जयद्रथ" आपण इतक्या सहज बोलून जातो की त्यामागे मुलगा गेलेला बाप उभा आहे हे विसरतो. पुत्रशोकातून सूडाकडे जाण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट तीच. आणि तिच्यात एक विचित्र जागा आहे. अभिमन्यूला जयद्रथाने मारलेलंच नाही. सहा महारथींनी घेरलं, शेवटचा गदेचा घाव दुःशासनाच्या मुलाचा. जयद्रथाने केलं ते इतकंच की चक्रव्यूहाच्या तोंडाशी बाकीच्या पांडवांना अडवून धरलं. तरी अर्जुनाची प्रतिज्ञा त्याच्यावर. सूर्यास्ताआधी जयद्रथ नाही तर अग्निकाष्ठं मी भक्षण करीन.

जयद्रथच का? मला वाटतं, कारण अर्जुन तिथे नव्हता. संशप्तक योद्ध्यांच्या मागे लढत दूर गेला होता. आत शिरायची विद्या मुलाला त्याच्याचकडून मिळाली, बाहेर पडायची राहून गेली. 'वाट कोणी अडवली' हा प्रश्न तो जगाला विचारतोय, पण खरा प्रश्न 'मी का पोचलो नाही' हा आहे. जो स्वतःला माफ करू शकत नाही त्याला एक जयद्रथ लागतोच.

पुढचं तर अंगावर येतं. जयद्रथाच्या बापाला वर होता की जो माझ्या मुलाचं डोकं जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. अर्जुनाच्या बाणांनी ते शिर उडवत नेऊन संध्या करत बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्याच मांडीवर टाकलं. तो दचकून उठला, शिर खाली पडलं, आणि त्याचंच डोकं फुटलं. एका बापाच्या सूडाचा शेवट दुसऱ्या बापाच्या मांडीवर.

तुमचा बाप त्या रात्री कुठे होता?

निंबोणी

सोनटक्का, शेवटचा प्रश्न वाचला आणि उठून वही काढली.

पहिल्या अंकात मी एक गोष्ट लिहून ठेवली आहे आणि तिचा अर्थ मलाच लागलेला नव्हता. पोलीस ठाण्यातून मुलाच्या वस्तू परत मिळतात. मोबाईल, पाकीट, घराची किल्ली, आणि पन्नीत बांधलेली खर्ऱ्याची, म्हणजे आपल्याकडच्या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची पुडी. बाप ती पुडी देवघराच्या खणात ठेवतो. न उघडता. मी ते 'वातावरणासाठी' म्हणून लिहिलं होतं.

मुलगा खर्रा खात नव्हता. रात्री साडेदहाला त्याला बापानेच पाठवलं होतं.

मनमोकळं

मी समुपदेशक आहे, शोकात अडकलेल्या माणसांसोबत काम करते. पुडीचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

दुःख किती दिवस चालावं याचं घड्याळ कोणी लावू नये. तरी काही माणसं खरोखर अडकतात हे वैद्यकशास्त्रानेही आता मानलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, 'लांबलेला शोक' असं स्वतंत्र निदान आहे. गेलेल्या माणसाची अनावर ओढ किंवा त्याचाच ध्यास, सहा महिन्यांहून जास्त काळ, आपल्या समाजात जे रीतीचं मानलं जातं त्याच्याही पलीकडे, आणि रोजचं जगणं अडवणारा. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात हीच मुदत प्रौढांसाठी एक वर्षाची आहे. आरोग्य संघटनेच्या वर्णनात राग आहे, अपराधीपण आहे, आणि दोष देणंही आहे. म्हणजे तुमचा बाप वेगळ्याच कुठल्या वेडात गेलेला नाही. तो शोकातच आहे, फक्त त्याचं तोंड दुसरीकडे वळलंय.

आमच्याकडे ज्याला आपण साध्या मराठीत रवंथ म्हणू, तोच तोच विचार पुन्हा वर आणून चघळणं, ते इथे मुख्य काम करतं. 2008 मध्ये कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या संशोधकांनी पैशांच्या एका खेळात लोकांना फसवणाऱ्या गड्याला शिक्षा करायची संधी दिली. सगळ्यांना वाटत होतं, शिक्षा केली की बरं वाटेल. झालं उलटं. ज्यांनी शिक्षा केली त्यांना जास्त वाईट वाटत राहिलं, कारण तो गडी त्यांच्या डोक्यातून जाईना. ज्यांना संधीच मिळाली नाही ते विसरून पुढे गेले. खेळातले थोडे पैसे आणि पोटचं पोर यांची तुलना मी करत नाही, पण रवंथाची चाल तीच असते.

तुम्ही विचारलंत त्याला काय हवंय. माझ्या अनुभवातून सांगते. त्याला तो माणूस हवाय. तो समोर आहे तोवर त्या रात्रीचा हिशेब उघडा आहे, आणि हिशेब उघडा आहे तोवर मुलगा पूर्ण गेलेला नाही. म्हणून वर्ष गेलं तरी तो मारत नाही. मारलं की वही बंद, आणि मग रात्री साडेदहाला घरात तो आणि ती पुडी, दोघंच.

तिसरी_घंटा

हे वाचल्यावर बंदूक उडायला पाहिजे हे माझं म्हणणं मागे घेतो. पुडी मात्र उघडली गेलीच पाहिजे.

खडीसाखर

मी अजून मारण्याच्याच बाजूचा आहे. पण मनमोकळं यांचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाऊन नाही राहिलं.

काळी_माती

मी इथे लिहीत नाही, वाचत असते. आज लिहिते.

मी नागपूरचीच. माझा लेक गेला त्याला अकरा वर्षं झाली. सात वर्षांचा होता. त्यात एका माणसाची चूक होती. कोण, काय, ते लिहीत नाही. त्याला काही झालं नाही.

मी पण जात होती त्याच्यामागे. घरच्यांना सांगायची देवळात चालली. त्याच्या घरासमोर एक कडुनिंब होता, तिथं उभी राहायची. त्याची कामावर जायची वेळ, गाडीचा नंबर, भाजी कोणाजवळून घेतो, सगळं पाठ. निंबोणीताई, तुमची वही खरी आहे. मी लिहीत नव्हती एवढंच.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीला गेली. तो जाणार हे माहीत होतं मले. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी एका जागी येतात, तिथं इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. तो चार हातांवर उभा होता, खांद्यावर त्याचं पोरगं. लोक ओरडून राहिले होते, ईडा पिडा घेऊन जा गे मारबत. मी पण ओरडली. मारबतीकडे नाही, त्याच्याकडे पाहून ओरडली. घसा बसेपर्यंत.

संध्याकाळी त्याच्या लेआउटमध्ये तान्हा पोळा होता. पोरं लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी. त्याच्या पोराच्या नंदीचं चाक निघालं. तो खाली बसला, दगड घेतला आणि खिळा ठोकून देऊ लागला. पोरगं त्याच्या पाठीवर रेलून पाहत होतं. तेव्हा माझ्या मनात त्या लेकराबद्दल जे आलं ते मी नवऱ्यालेही सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. त्या लेकराचा काय दोष होता. मी तिथून निघाली. चालत आली घरापर्यंत, रिक्षा करायचं सुचलं नाही.

घरी येऊन बसली आणि आठवू लागली की माझ्या लेकाचा नंदी कोणत्या रंगाचा होता. आठवेना. त्या माणसाची पँट सांगू शकत होती मी, कोणत्या खिशातून रुमाल काढतो ते सांगू शकत होती. आणि लेकाचा नंदी आठवेना. रात्री अकरा वाजता स्टूल लावून माळ्यावर चढली. गोणपाटात गुंडाळलेला होता. हिरवा होता. एका शिंगाले चंदेरी बेगड चिकटलेली, ती त्यानं दातानं कुरतडली होती एका बाजूनं. दाताचे निशाण दिसत होते.

त्या माणसाला मी माफ केलं नाही. आजही नाही. पण कडुनिंबाखाली पुन्हा गेली नाही.

आता एक विचारते, राग नका मानू. तुमच्या पहिल्या लिखाणात त्या माणसाचं सगळं आहे. गाडी पांढरी, उजवा लाइट फुटका, शर्ट निळा, पोह्यात तर्री कमी. पोराचं एवढंच, बावीस वर्षांचा. त्याचं नाव काय जी?

निंबोणी

मावशी, तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल ना.

नाव नव्हतं. आठ महिने लिहितेय, सगळीकडे 'मुलगा'. पात्रांच्या यादीतही 'मुलगा (फक्त फोटोत)'. काल रात्री तुमचं वाचलं आणि झोप आली नाही. सकाळपासून बाकी काही न करता त्याच्याबद्दलच लिहीत बसले.

सुमेध. डावखुरा. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवायचा तेव्हा सगळं उलट्या बाजूने, त्यामुळे त्याची चक्री धरणं कोणा मित्राला जमत नसे, बापच धरायचा. ढील देताना 'बाबा, सोडा' असं दोनदा म्हणायचा, एकदा म्हणून त्याचं भागत नसे. एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, महिना 12,000. चप्पल बापाची घालून जायचा. (अंबाझरीकाठ, ही चप्पल मी तुमच्या त्या वडिलांकडून घेतलीय. नको असेल तर सांगा, काढते.)

शेवटच्या प्रवेशाचं आत्ता एवढं झालंय.

गोदाम. रात्र. टाइल्सच्या थप्प्यांमध्ये एक बल्ब. मालक खोक्यावर बसून दिवसाचे पैसे मोजतोय. बाप वही उघडतो, घड्याळ बघतो, 10.30 लिहितो आणि पुढे त्याचा हात चालत नाही. खिशातून पुडी काढतो. पन्नीची गाठ सुटत नाही, दातांनी सोडवतो. आतला खर्रा वाळून भुकटी झालेला. मालक मान वर करून बघतो.

मालक: काका, तुम्ही खर्रा खाता? इतक्या दिवसांत पाहिलं नाही कधी.

बाप: सुमेधनं आणला.

मालकाच्या हातातलं मोजणं थांबतं. हे नाव त्याने ऐकलेलं नाही, फक्त समन्सवर वाचलेलं आहे.

पुढचं आज रात्री लिहायला बसते.